नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते रेव्हरंड टिळक या नावाने ओळखले जातात. निसर्ग, कुटुंब आणि बालजीवन यांवरील कवितांमुळे त्यांना फुलामुलांचे कवी असे संबोधले जाते. मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन या देशी रूपांत गाता यावे, यासाठी त्यांनी सुमारे दोन तपे काम केले. आज महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये जी मराठी गीते गायिली जातात, त्यांतील फार मोठा भाग टिळकांच्या रचनांचा आहे. स्मृतिचित्रे या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म कोकणातील एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत निबंधक होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेल्या होत्या. घरात म्हटली जाणारी स्तोत्रे, ओव्या आणि अभंग नारायणाच्या कानांवर लहानपणापासून पडत होते. वडिलांचा धाक आणि आईची माया या दोन टोकांमध्ये त्यांचे बालपण गेले. आईचे निधन त्यांच्या लहान वयातच झाले. पुढे त्यांच्या कवितेत आई ही प्रतिमा वारंवार येते आणि भक्तिगीतांत ते ख्रिस्तालाही आई म्हणून हाक मारतात.

आईच्या मृत्यूनंतर टिळक नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काही काळ ते इंग्रजी शाळेतही जात होते. परंतु घरची जबाबदारी अंगावर आल्याने त्यांचे औपचारिक शिक्षण अपुरे राहिले. संस्कृत काव्यशास्त्र, पुराणे आणि मराठी संतवाङ्मय यांचे ज्ञान त्यांनी पुढे स्वतःच्या वाचनाने वाढविले. शीघ्रकवित्व आणि प्रभावी वक्तृत्व हे दोन्ही गुण त्यांच्या ठायी तरुणपणीच दिसू लागले होते.

विवाह आणि अस्थिर जीवन

१८८० च्या सुमारास टिळकांचा विवाह नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्या वेळी ती बारा वर्षांच्या आतबाहेर होती. टिळकांचा स्वभाव उदार, लहरी आणि शीघ्रकोपी होता. हातातले पैसे गरजूला देऊन टाकणे, घरी न सांगता दूरच्या गावी निघून जाणे, एक नोकरी सोडून दुसरी धरणे हे त्यांच्याकडून वारंवार घडत असे. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी लेखक अशी कामे त्यांनी केली. या भटकंतीत लक्ष्मीबाईंची झालेली ओढाताण स्मृतिचित्रे या ग्रंथात तपशिलाने आली आहे.

पुढे टिळक नागपूरला गेले. तेथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांवर काम केले. याच काळात त्यांनी ऋषि या नावाचे मासिक चालविले. जातिभेद आणि धार्मिक आचारांतील कर्मठपणा यांविषयी त्यांच्या मनात शंका वाढत होत्या. देशाचा उद्धार व्हावयाचा असेल तर सर्व जातींना एकत्र आणणारा, मूर्तिपूजा आणि जातिभेद यांपासून मुक्त असा धर्म हवा, या विचारापर्यंत ते आले होते. एखादा नवा धर्म आपणच स्थापावा अशी कल्पनाही त्यांच्या मनात घोळत होती.

ख्रिस्ती धर्माकडे

१८९३ मध्ये टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने जात होते. डब्यात त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. दोघांत संस्कृत काव्य आणि धर्म यांवर संभाषण झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना बायबलच्या नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचण्याचे आश्वासन दिले आणि ते पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. आपल्याला पडलेल्या प्रश्नांची उत्तरे या वचनांत आहेत, असे त्यांना वाटू लागले.

यानंतर त्यांनी ख्रिस्ती धर्माचा पद्धतशीर अभ्यास केला. हे मतांतर अचानक झालेले नव्हते. संतांच्या, विशेषतः तुकारामांच्या भक्तिमार्गाने चालत आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची अखेरपर्यंत धारणा होती. त्यामुळे नवा धर्म स्वीकारताना जुन्या वाङ्मयीन आणि सांगीतिक वारशाशी नाते तोडण्याची गरज त्यांना वाटली नाही. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ या धारणेत आहे.

बाप्तिस्मा आणि कुटुंबाची ताटातूट

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जात, घर, मालमत्ता आणि आप्तेष्ट यांना एकदम मुकणे होते. लक्ष्मीबाईंना या वार्तेचा जबर धक्का बसला. त्या आपला लहान मुलगा दत्तू याला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. पतिपत्नींची ही ताटातूट काही वर्षे टिकली. टिळक पत्रे लिहीत, कविता पाठवीत आणि मधूनमधून भेटीस येत. परंतु पत्नीवर धर्मांतराची सक्ती त्यांनी केली नाही.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगर येथे पतीजवळ आल्या. प्रारंभी त्यांनी सोवळेओवळे कसोशीने पाळले व स्वयंपाक वेगळा ठेवला. हळूहळू त्यांच्या मनातील जातिभेदाची भिंत ढासळत गेली आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. मुलगा देवदत्त नारायण टिळक हा पुढे लेखक व संपादक झाला आणि आईवडिलांच्या साहित्याचे जतन त्याने केले.

अहमदनगर येथील कार्य

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे मुख्य कार्यक्षेत्र अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे राहिले. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले होते आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे उघडले होते. या मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात टिळक अध्यापन करू लागले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली.

अहमदनगर जिल्ह्यातील खेडोपाडी असलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले होते. त्यांच्यातील पुष्कळांना लिहितावाचता येत नव्हते. ब्राह्मण घराण्यात वाढलेले, संस्कृतात पारंगत असलेले टिळक या लोकांमध्ये राहिले, त्यांच्या पंगतीला बसले आणि त्यांच्यासाठी गीते रचू लागले.

तत्कालीन उपासनेतील संगीताचा प्रश्न

ख्रिस्ती उपासनेत संगीताला प्रारंभापासून स्थान आहे. यहुदी परंपरेकडून आलेली स्तोत्रसंहिता ही तिची पहिली गीतपुस्तिका होय. संगीत कोणते व कसे असावे, याविषयी मात्र प्रत्येक युगात वाद झाले. संत ऑगस्टीन यांना गाण्याचा गोडवा मनाला अर्थापासून दूर नेईल अशी भीती वाटत असे. तरीही गाण्याने भक्ती जागी होते हे ते मान्य करीत. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी लोकांच्या जर्मन भाषेत गीते रचून ती सर्व मंडळीच्या तोंडी दिली. जॉन कॅल्व्हिन यांनी प्रार्थनामंदिरात वाद्यांना मज्जाव केला आणि छंदोबद्ध स्तोत्रांचे एकस्वरी गायन रूढ केले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आयझॅक वॉट्स यांनी बायबलमधील स्तोत्रांपलीकडे जाऊन स्वतंत्र गीते रचली आणि त्यांनाही विरोध झाला.

महाराष्ट्रात आलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश मिशनऱ्यांनी आपल्या परिचयाची इंग्रजी गीते मराठीत आणली. भाषांतर मराठी, चाल मात्र मूळचीच, अशी ही गीते होती. त्यांत एक तांत्रिक अडचण होती. इंग्रजी गीताचा छंद शब्दातील आघातावर उभा असतो. जोराचे अक्षर तालाच्या जोराच्या मात्रेवर पडावे लागते. मराठी पद्यरचना अक्षरसंख्या, मात्रा किंवा लघुगुरूंचा क्रम यांवर चालते. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर आखूड होई आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटे. शिवाय ती गीते चार स्वरपंक्तींनी एकत्र गाण्यासाठी बांधलेली होती. एकाच सुरावटीत, एकाने सांगावे आणि इतरांनी मागून म्हणावे, या पद्धतीची सवय असलेल्या खेड्यातील श्रोत्यांना ती परकी वाटत.

देशी छंदांत ख्रिस्ती आशय आणण्याचा विचार टिळकांपूर्वीही झाला होता. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी साष्टी प्रांतातील नवख्रिस्तींसाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. अहमदनगरच्या मंडळ्यांमध्येही देशी चालींवर गीते रचणारे लोक टिळकांच्या आधी होते; त्यांत कृष्णराव सांगळे यांचे नाव घेतले जाते. या विखुरलेल्या प्रयत्नांना टिळकांनी प्रतिभेची जोड दिली आणि त्यांना उपासनेच्या केंद्रस्थानी आणले.

भजने आणि अभंग

टिळकांनी शंभराहून अधिक उपासनागीते रचली. जन्मोत्सव, वधस्तंभ, पुनरुत्थान, प्रभुभोजन, विवाह, अंत्यविधी, सकाळसंध्याकाळची प्रार्थना अशा सर्व प्रसंगांची गीते त्यांत आहेत. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या उपासना संगीत या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या रचनांसाठी त्यांनी अभंग हा छंद मोठ्या प्रमाणावर वापरला. अभंगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे येतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात साधारणतः आठ आठ अक्षरांचे दोन चरण असतात. हा छंद अक्षरांच्या संख्येवर चालत असल्याने गाणारा गरजेप्रमाणे अक्षर लांबवू शकतो. त्यामुळे एकच अभंग वेगवेगळ्या चालींत आणि तालांत म्हणता येतो. टाळ आणि मृदंग एवढ्या साधनांवर तो उभा राहतो. चरण लहान असल्याने निरक्षर माणसालाही तो ऐकून पाठ होतो. हातात गीतपुस्तक नसलेल्या मंडळीसाठी हा गुण मोलाचा होता.

छंदाबरोबर भक्तीची परिभाषाही बदलली. मिशनच्या भाषांतरित गीतांत देव प्रामुख्याने राजा, न्यायाधीश आणि प्रभू या रूपांत येत असे. टिळकांनी संतांच्या परंपरेतील सलगी त्यात आणली. वारकरी संत विठ्ठलाला माउली म्हणतात, त्याच भावाने टिळक ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हणतात. भक्ताची व्याकुळता, रुसवा, शरणागती आणि अखेरचे मीलन ही संतकाव्यातील भावावस्थांची मालिका त्यांच्या अभंगांत दिसते. आपले अहंपण विरून जावे आणि आपल्या ठायी केवळ ख्रिस्त उरावा, ही त्यांची आस अनेक रचनांत व्यक्त झाली आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वातील असे अभंग अभंगांजली या संग्रहात एकत्र आले आहेत. त्यांची भाषा सोपी व बोलीला जवळची आहे. संस्कृतप्रचुर काव्य लिहिण्याची क्षमता असलेल्या कवीने उपासनेसाठी ती जाणीवपूर्वक बाजूला ठेवली, हे येथे ध्यानात येते.

ख्रिस्ती कीर्तन

मंदिराच्या चार भिंतींबाहेरील श्रोत्यांसाठी टिळकांनी कीर्तनाचा अंगीकार केला. नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंग येतो. त्यात कीर्तनकार एखादा अभंग घेऊन त्याचे तात्त्विक निरूपण करतो. मध्ये भजन होते. उत्तररंगात त्या तत्त्वाच्या समर्थनार्थ एखादे आख्यान गद्य, पद्य, विनोद आणि अभिनय यांच्या साहाय्याने रंगविले जाते व शेवटी आरती होते. टिळकांनी हा साचा कायम ठेवला. निरूपणासाठी ख्रिस्ताची शिकवण आणि आख्यानासाठी बायबलमधील कथा त्यांनी योजिल्या. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त किंवा ख्रिस्ताचे दुःखसहन यांसारखे विषय या रचनेत सहज बसतात. निरूपणात संतांच्या वचनांचाही आधार ते घेत.

प्रवचन आणि कीर्तन यांत श्रोत्याची भूमिका वेगळी असते. प्रवचनात श्रोता ऐकतो. कीर्तनात तो मध्येमध्ये गातो, टाळ्यांचा ठेका धरतो आणि त्यामुळे कथेत सामील होतो. रात्री देवळासमोरच्या किंवा चावडीसमोरच्या अंगणात कीर्तन ऐकणे हा मराठी खेड्याच्या अंगवळणी पडलेला प्रकार होता. म्हणून ख्रिस्ती नसलेले श्रोतेही अशा कीर्तनाला बसत.

या संगीताच्या साथीला टाळ-मृदंगाबरोबर पेटीही असे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली ही पेटी प्रार्थनामंदिरांत वाजत होती आणि त्याच काळात कीर्तन, भजन व संगीत नाटक यांतही ती रुळत होती. देशी आणि परदेशी अशी काटेकोर विभागणी वाद्यांच्या बाबतीत तेव्हाही शक्य नव्हती. टिळकांचा आग्रह वाद्याच्या जन्मस्थानाविषयी नव्हता. गाणाऱ्याला ते गाणे आपले वाटावे, हा होता.

ख्रिस्तायन

१९०९ मध्ये टिळकांनी ख्रिस्तायन या महाकाव्याच्या लेखनास प्रारंभ केला. ख्रिस्ताचे चरित्र मराठी माणसाला ज्ञानेश्वरी किंवा श्रीधरस्वामींच्या ग्रंथांप्रमाणे पोथीच्या रूपाने वाचता यावे, मोठ्याने म्हणता यावे आणि मंडळीने बसून ऐकता यावे, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी त्यांनी ओवी निवडली. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले व चौथा आखूड, अशी ही रचना कथनाला सोयीची असून पठण आणि गायन यांच्या मध्ये राहते. अन्य कामांच्या व्यापामुळे टिळकांच्या हयातीत सुमारे दहाच अध्याय होऊ शकले. पतीच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी आणखी ६४ अध्याय रचून हा ग्रंथ पूर्णत्वास नेला. औपचारिक शिक्षण नसलेल्या आणि पतीकडूनच अक्षरओळख झालेल्या स्त्रीने हे कार्य केले, ही मराठी वाङ्मयातील असामान्य घटना होय.

काव्य आणि संपादन

टिळकांची लौकिक कविताही महत्त्वाची आहे. केशवसुतांच्या समकालीन अशा आधुनिक मराठी कवींच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. वनवासी फूल हे दीर्घकाव्य, सुशीला हे कथाकाव्य, फुले, पाखरे, मुले आणि घरगुती जीवन यांवरील लहान कविता, तसेच देशभक्तिपर गीते त्यांनी लिहिली. त्यांच्या अनेक कविता मराठी शालेय पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या शिकविल्या गेल्या. त्र्यंबक बापूजी ठोंबरे ऊर्फ बालकवी यांना त्यांनी अहमदनगर येथे आपल्या घरी ठेवून घेतले. टिळकांच्या घरातील वास्तव्याचा बालकवींच्या जडणघडणीवर परिणाम झाला.

१८४२ पासून निघत असलेल्या ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादकत्व टिळकांकडे १९१२ मध्ये आले आणि मृत्यूपर्यंत ते त्यांच्याकडे राहिले. त्यांच्या अनेक भक्तिपर रचना प्रथम याच नियतकालिकातून वाचकांसमोर आल्या. भारतीय ख्रिस्ती माणसाने परदेशी मिशनवर अवलंबून राहू नये, त्याचे देशप्रेम इतरांपेक्षा उणे असू नये, हे विचार त्यांनी लेखांतून सातत्याने मांडले.

आक्षेप आणि मर्यादा

देशी संगीताचा हा पुरस्कार सर्वांना सारखाच मानवणारा नव्हता. अभंग आणि कीर्तन ही रूपे हिंदू भक्तीशी शतकानुशतके जोडलेली होती. रूप घेतले की त्यासोबत जुना आशयही परत येईल, अशी शंका मिशनच्या वर्तुळात घेतली जाणे साहजिक होते. दुसरा पेच सामाजिक होता. ज्या लोकांना देवळात प्रवेश नव्हता आणि ज्यांनी जातिव्यवस्थेच्या जाचातून सुटण्यासाठी नवा धर्म घेतला, त्यांतील काहींना पाश्चात्त्य चालीची गीते हीच नव्या प्रतिष्ठेची खूण वाटे. त्यांना पुन्हा जुन्या चालींकडे वळण्यास सांगणारा कवी जन्माने ब्राह्मण होता.

या पेचाला टिळकांच्या कार्यातून मिळणारे उत्तर असे, की संतांची वाणी कोणत्याही एका जातीची मालमत्ता नाही. चोखामेळा महार होते, नामदेव शिंपी होते, सावता माळी होते, तुकाराम वाणी होते. एकतारीवरचे भजन दलित वस्त्यांतही पूर्वापार चालत आले होते. तरीही ओवी, अभंग आणि नारदीय कीर्तन यांवरच टिळकांचा भर राहिला. लावणी, पोवाडा, जात्यावरचे गाणे किंवा तमाशातील चाली यांना त्यांच्या उपासनागीतांत तुलनेने कमी जागा मिळाली, ही त्यांच्या दृष्टीची मर्यादा मानता येते. पाश्चात्त्य चालीची भाषांतरित गीतेही मंडळ्यांतून नाहीशी झाली नाहीत. मराठी उपासनेत दोन्ही प्रवाह आजतागायत शेजारी शेजारी वाहत आहेत.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांच्या जीवनाला अखेरचे वळण मिळाले. मिशनचा पगारी सेवक म्हणून आपण लोकांपर्यंत पोहोचू शकत नाही, ही बोच त्यांना बऱ्याच काळापासून होती. त्या वर्षी त्यांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला आणि संन्याशाचे जीवन पत्करले. त्यांचा संन्यास घरादाराचा त्याग करणारा नव्हता. लक्ष्मीबाई आणि कुटुंब यांच्यासह ते सातारा येथे राहू लागले.

तेथे त्यांनी देवाचा दरबार या नावाने ख्रिस्ताच्या अनुयायांचा एक मेळावा उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना त्यात प्रवेश होता. पंथभेद आणि जातिभेद न मानता भजन, चिंतन व सेवा यांच्या आधारे एकत्र यावे, अशी कल्पना त्यामागे होती. वारकऱ्यांच्या फडासारखी ही रचना होती. तिच्या केंद्रस्थानी संस्था नव्हती, नामस्मरण आणि बंधुत्व होते. ख्रिस्ती मंडळीबाहेर राहूनही ख्रिस्ताचे शिष्य होता येते का, हा त्यातून उपस्थित झालेला प्रश्न पुढील काळातील भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनीही चर्चिला. टिळकांना या प्रयोगासाठी जेमतेम दोन वर्षे मिळाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर दरबार टिकला नाही.

मृत्यू

प्रकृती खालावल्यामुळे टिळकांना मुंबईला नेण्यात आले. ९ मे १९१९ रोजी तेथील जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन न करता आपल्या देहाचे भारतीय पद्धतीने दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती व त्याप्रमाणे करण्यात आले. त्यांच्या अस्थी अहमदनगर येथे ठेवण्यात आल्या. ख्रिस्ती होणे म्हणजे परका होणे नव्हे, हे त्यांनी आयुष्यभर गाऊन सांगितले. मृत्यूनंतरचा विधीही त्याला धरूनच झाला.

प्रभाव

टिळकांच्या मृत्यूनंतर इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्कॉटिश मिशनरी आणि मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक निकोल मॅकनिकल यांनी त्यांच्या काही गीतांची इंग्रजी भाषांतरे केली. त्यांतील रचना इंग्रजी गीतसंग्रहांत समाविष्ट झाल्या आणि ब्रिटनमधील मंडळ्यांत गायिल्या जाऊ लागल्या. एकेकाळी इंग्रजीतून मराठीत येणारी गीते आता उलट दिशेने जाऊ लागली होती.

रोमन कॅथलिक परंपरेत उपासनेची मुख्य भाषा दीर्घकाळ लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचे संविधान संमत केले. त्यात लोकभाषेला मोकळीक देण्यात आली आणि ज्या देशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे सांगण्यात आले. अहमदनगरच्या मंडळ्यांत टिळकांनी हेच काम त्याच्या अर्धशतक आधी सुरू केले होते.

लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून टिळकांचे कवी, पती आणि भक्त म्हणून जिवंत चित्र वाचकांपुढे आले. मराठी साहित्याच्या इतिहासात टिळकांचे नाव प्रामुख्याने त्यांच्या निसर्गकवितेसाठी घेतले जाते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत मात्र ते रविवारच्या उपासनेत, नाताळच्या भजनांत आणि अंत्ययात्रेच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या गीतांतून ऐकू येतात.